पाठ नाहीत का? आहेत, पण...

इंटर्न तोंडाने विचारतात, नातेवाईक नजरेने. इतकी वर्षं इमर्जन्सीत काढलीत, तरी डोस खिशातल्या पुस्तकात बघता?

मोठ्यांचे पाठ आहेत हो. हृदय बंद पडलं की ॲड्रिनलिन 1 मिलिग्रॅम शिरेतून, दर 3 ते 5 मिनिटांनी. झोपेतून उठवून विचारा. घोळ होतो तो पोरांच्या बाबतीत. तिथे प्रत्येक आकडा वजनाने गुणायचा असतो, आणि रात्री तीनला, शेजारी आई रडत असताना, मला बाराचा पाढाही परका वाटतो. त्यात लाजायचं काय?

पूर्वी मी इथेच थांबायचो. पुढचं सांगत नसे.

एक मूल आलं होतं. अंगभर गांधी, ओठ सुजलेले, श्वासाला घरघर. वजन 12 किलो. ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी ॲलर्जी, आहे हे दारातच कळलं. मी शहाण्यासारखं पुस्तक उघडलं, ॲड्रिनलिनवर बोट ठेवलं आणि मोठ्याने सांगितलं, "किलोला 0.1 एमएल. म्हणजे 1.2." सिस्टरांनी 1:1000 ची ॲम्प्यूल फोडलेलीच होती. हातातली इन्शुलिनसारखी बारीक, एक एमएलची सिरिंज त्यांनी माझ्यासमोर धरली. "सर, यात 1.2 बसत नाही."

बोट एक ओळ वर होतं. ती ओळ हृदय बंद पडल्यावर शिरेतून द्यायच्या 1:10,000 च्या, म्हणजे दहापट पातळ द्रावणाची. आम्हाला हवी होती तिच्या खालची: 1:1000, मांडीच्या स्नायूत, किलोला 0.01. म्हणजे 0.12. मी दहापट सांगितलं होतं, तेही पुस्तकात बघून, ठासून.

0.12 दिलं. थोड्या वेळाने मूल जोरात रडायला लागलं. आई माझे आभार मानत होती आणि मी सिस्टरांकडे बघायचं टाळत होतो. ट्रेमधून आधी दोन एमएलची सिरिंज हाताला लागली असती तर? हे मी त्यांना अजून विचारलेलं नाही.

मग पुस्तक फेका, ॲप वापरा, असं म्हणाल. ग्लोव्हज घातल्यावर स्क्रीन ऐकत नाही, आणि त्या दोन ओळी तिथेही असतातच. पण एक कबूल करतो. 2020 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशनने मंद नाडीसाठी ॲट्रोपिनचा डोस 0.5 वरून 1 मिलिग्रॅमवर नेला. माझ्या पानावर 0.5 छापलंय, ते खोडून पेनने 1 केलंय. आणखी कुठल्या पानावर खोडायचं राहिलंय, ते पुस्तक स्वतःहून सांगत नाही.

आता मी डोससोबत द्रावणही मोठ्याने वाचतो, सिस्टर ते परत म्हणून दाखवतात. त्या दोन ओळींच्या मधे लाल पेनाची जाड रेघ आहे. परवा एका इंटर्नने विचारलं, "सर, ही कसली?"

मी म्हटलं, पेन गळलं होतं.