कुठलं लोणी?

एसटीत खिडकीशी जागा मिळाली की मी पाट्या वाचत बसतो. त्या दुपारी पुण्याहून सोलापूरकडे निघालो होतो. लोणी आलं, गेलं, आणि मग डुलकी लागली. खिडकीच्या दांड्यावर डोकं आपटून जागा झालो, तर बाहेर पाटी: लोणी. पोटात गोळाच आला. गाडी परत पुण्याला निघाली की काय! शेजारचे काका हसले. म्हणाले, "अहो, मघाचं ते काळभोर. हे देवकर."

म्हणजे गावांनाही आडनावं असतात. लोणी काळभोर, लोणी देवकर, तिकडे बारामतीच्या बाजूला लोणी भापकर. नगर रस्त्याला लोणीकंद. प्रवरेकडच्या लोणीत तर खुर्द आणि बुद्रुक अशा वाटण्या झालेल्या. एवढं लोणी कुणी पसरलं देव जाणे.

बुद्रुक म्हणजे मूळचं फारसी बुजुर्ग, थोरलं. खुर्द म्हणजे धाकटं. कित्येक ठिकाणी धाकट्यानं थोरल्याला कधीच मागे टाकलंय, पण पाटीवर मान अजून बुद्रुकालाच.

वडगाव, पिंपळगाव, नांदगाव यांची तर गणतीच नको. वडगावकर आडनावाचा माणूस भेटला की "कुठलं वडगाव?" हे विचारल्याशिवाय मला राहवत नाही. उत्तर कळून काही उपयोग नसतो, तरी विचारतो. नाव ठेवणाऱ्यांना मात्र दोष देता येत नाही. दारात वड होता, वडगाव म्हणाले. चार दिवसांच्या चालीवर दुसरा वड आणि दुसरं वडगाव असेल याची त्यांना काय पडलेली? नाव हाकेपुरतं होतं. घोटाळा झाला तो पोस्ट आणि एसटी आल्यावर.

लहानपणी आम्ही नकाशावर गावं शोधण्याचा खेळ खेळायचो. एकानं नाव सांगायचं, दुसऱ्यानं शंभर आकडे मोजून होईपर्यंत बोट ठेवायचं. अ‍ॅटलासची शिवण उसवलेली, त्यामुळे आफ्रिका नेहमी हातात यायची. एकदा दादानं "लंडन" सांगितलं. मी तिसऱ्या आकड्याला इंग्लंडवर बोट टेकवलं. "चूक!" म्हणत त्यानं पान उलटून कॅनडा काढला. तिथेही लंडन. वर जवळून वाहणारी नदी कुठली, तर थेम्स! मी रडून आईकडे गेलो. पुढच्या डावाला मी "हैदराबाद" सांगितलं आणि तो तेलंगणावर बोट ठेवून विजयी हसला, तेव्हा सावकाश सिंध दाखवला. तो आनंद मला अजून पुरतोय.

घर सोडून लांब गेलेली माणसं सामानात गावाचं नावही बांधून नेतात, हे तेव्हा कळायचं वय नव्हतं. आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कार्थेज या प्राचीन शहराच्या नावाचाच अर्थ 'नवं शहर'. तिथल्या लोकांनी स्पेनच्या किनाऱ्यावर शहर वसवलं, रोमनांनी त्याला 'नवं कार्थेज' म्हटलं, म्हणजे नवं नवं शहर. तेच आजचं कार्ताहेना. स्पॅनिश लोकांनी १५३३ मध्ये ते नाव कोलंबियाच्या किनाऱ्यावर नेऊन ठेवलं. इतक्यांदा नवं होऊन आता तेही जुनं झालं. कधीकधी तर माणसं जातही नाहीत, नुसती कथा जाते. थायलंडात १३५१ मध्ये राजधानी वसली तिचं नाव अयुथया, म्हणजे आपली अयोध्याच.

परतताना त्याच सोलापूर रस्त्यावर पळसदेवची पाटी दिसली. सवयीनं ओठांवर आलंच, कुठलं पळसदेव? या वेळी शेजारी काका नव्हते. एक बाई मुलाला मांडीवर घेऊन झोपली होती.

रस्त्याकडेचं हे नवं पळसदेव. जुनं उजनीच्या पाण्याखाली गेलं. उन्हाळ्यात धरण आटलं की पळसनाथाचं देऊळ वर येतं, लोक नावेतून बघायला जातात. नंतर पाऊस होतो, आणि ते पुन्हा दिसेनासं होतं.

पाटीवर खुर्द नव्हतं, बुद्रुक नव्हतं. नुसतंच पळसदेव. मी खिडकी ओढून घेतली.