सासूबाईंचे शरीर वाचायला शिकताना

सासूबाईंना अल्झायमर असल्याचे निदान झाले तेव्हा विस्मरणाची आमच्या मनाची तयारी होती. पण आपले हातपाय कुठे आहेत याची जाणीवही या आजारात पुसट होऊ शकते, हे मंगळवार पेठेतल्या घरात त्यांना खुर्चीवर बसवताना प्रथम कळले. त्या अर्ध्यावर थबकत, माझे मनगट घट्ट धरत आणि "पडीन गं मी" म्हणत. स्नायू आणि सांधे यांच्याकडून येणारी माहिती व डोळ्यांना दिसणारे जग यांची सांगड मेंदूच्या पॅरायटल भागात घातली जाते आणि अल्झायमरमध्ये त्या भागाचीही झीज होते, असे डॉक्टरांनी समजावले. त्यामुळे नुसते "बसा" म्हणणे पुरत नाही. फिजिओथेरपिस्टने दाखवल्याप्रमाणे आम्ही त्यांच्या पोटऱ्या खुर्चीच्या कडेला टेकवतो, तळहात खुर्चीच्या हातांवर ठेवतो आणि मगच बसायला सांगतो. न्हाणीघरासमोरचे काळे पायपुसणे त्यांना खड्ड्यासारखे भासत असावे, कारण ते काढल्यावर त्या न अडखळता आत जाऊ लागल्या.

वेदनेचा प्रश्न याहून अवघड निघाला. त्या जेवण नाकारू लागल्या, "दुखतंय का?" असे विचारले की उत्तर ठामपणे "नाही". स्मृतिभ्रंशात वेदना होतच असते, ती कुठे आहे हे ओळखून सांगणे मात्र कठीण होते. डॉक्टरांनी वागण्यातून वेदना ओळखण्याची पेनॅड मापनपट्टी शिकवली: श्वास, कण्हणे, चेहरा, अंगाची हालचाल आणि समजूत घातल्यावर शांत होणे, या प्रत्येकाला 0 ते 2 गुण, एकूण 10. गुण जास्त आले म्हणजे वेदनाच असेल असे नाही, भीतीनेही ते वाढतात. म्हणून त्या स्वस्थ बसलेल्या असताना आणि भाकरी चावताना अशा दोन्ही वेळी आम्ही नोंद ठेवली. फरक चावतानाच दिसला, आणि दंतवैद्यांना दाढेच्या मुळाशी पू सापडला. उपचारानंतर आमटीत कुस्करलेली भाकरी पुन्हा पोटात जाऊ लागली. माझ्या मते ही पट्टी प्रत्येक घराला निदानाच्या कागदांबरोबरच मिळायला हवी.

तहान आणि लघवीची जाणीवही भरवशाची राहिलेली नाही. पाणी मागण्याची वाट न पाहता आम्ही ठरावीक वेळी देतो, आणि पदराशी चाळा सुरू झाला की मदतीला येणाऱ्या मावशी त्यांना न विचारताच हात धरून न्हाणीघराकडे नेतात.