रोज तेच तेच करून कंटाळा येत नाही का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. डबा न्यायला येणारी मुलं विचारतात, भाजीवाल्या मावशी विचारतात, परवा भिशीत पुन्हा विषय निघाला. 11 वर्षं झाली, रोज 23 डबे, तीच कणीक, तोच तवा. कंटाळा येत नाही का, आणि वर एवढ्या समाधानात कशा असता?

कंटाळा यायचा. पहिली चार-पाच वर्षं तर फार. पोळ्या लाटताना ओट्यावर मोबाईल टेकवलेला असायचा, हात पोळपाटावर, डोळे मालिकेत आणि मन कधी एकदा मोकळी होते यात. एक दिवस एका आजोबांच्या भातात खडा निघाला. दाढ दुखावली त्यांची. रागावले नाहीत. फोनवर एवढंच म्हणाले, "ताई, तांदूळ जरा बघून घेत जा." तांदूळ मी निवडला होता, बघितला नव्हता. त्या रात्री मला झोप लागली नाही.

त्याच सुमारास वाचनालयात झेनवरचं, म्हणजे ध्यानावर भर देणाऱ्या बौद्ध पंथावरचं, एक पुस्तक हाती लागलं. झेन हा शब्द आपल्या 'ध्यान'वरूनच आलेला. चीनमध्ये त्याचा 'चान' झाला, जपानात 'झेन'. मला वाटायचं, हे डोळे मिटून बसायला वेळ असणाऱ्यांचं काम, ओट्याशी उभं राहणाऱ्यांचं नव्हे. पण त्यात एका आचाऱ्याची गोष्ट निघाली.

दोगेन नावाचा तरुण जपानी भिक्षू 1223 मध्ये धर्म शिकायला चीनला गेला. जहाज बंदरात उभं असताना 61 वर्षांचा एक भिक्षू स्वयंपाकाचा जिन्नस विकत घ्यायला जहाजावर आला. अशोकाचं नाव असलेल्या डोंगरावरच्या मठात तो मुख्य आचारी होता. (आपला सम्राट अशोकच. त्याचं नाव तिथवर पोचलेलं वाचून मला भरून आलं.) दोगेनने त्याला मुक्कामाचा आग्रह केला, तर म्हणाला, उद्याचा स्वयंपाक आहे, जायला हवं. दोगेनला नवल वाटलं. या वयात ध्यान, अभ्यास सोडून रांधण्यात काय मिळतं, असं त्याने विचारलं. म्हातारा मोठ्याने हसला आणि म्हणाला, साधना म्हणजे काय ते तुला अजून कळलेलं नाही.

बघा, तुमचाच प्रश्न, आठशे वर्षांपूर्वीचा.

पुढे दुसऱ्या एका मठात दोगेनला 68 वर्षांचा आचारी दिसला. भर दुपारी, बोडक्या डोक्याने, तापलेल्या फरशीवर वाळवण घालत होता. हाताखालच्या माणसांना का सांगत नाही? तो म्हणाला, ती माणसं म्हणजे मी नव्हे. बरं, पण एवढ्या उन्हात? तर म्हणाला, मग कधी?

जपानला परतल्यावर दोगेनने 1237 मध्ये मठातल्या आचाऱ्यासाठी 'टेन्झो क्योकुन' लिहिलं. त्यात अगदी घरातल्या आजीसारखं सांगितलंय. तांदूळ धुताना वाळूवर नजर ठेव, वाळू काढताना तांदळावर. दाणा वाया घालवू नको. वर ठेवायची वस्तू वर, खालची खाली. साधी पालेभाजी आहे म्हणून हात आखडू नको.

दुसऱ्या दिवशी मी मोबाईल आतल्या खोलीत ठेवला आणि कोलम ताटात पसरला. पांढरा खडा दाण्यासारखाच दिसतो हो. पण दाण्याला टोक असतं, खड्याला नसतं, आणि बोटाखाली तो दाण्यासारखा सरकत नाही, अडतो. इतकी वर्षं तांदूळ निवडून हे मला तेव्हा कळलं. धुताना पहिलं पाणी दुधासारखं निघतं, तिसऱ्या पाण्यात आपली बोटं दिसतात. पहिलं पाणी कढीपत्त्याला घालते.

पोळ्यांचंही तसंच. रोज 92 होतात. पहिलीच्या वेळी कणीक घट्ट असते, पन्नाशीला सैल पडते, मग पिठी जास्त लागते, तवा तापून बसलेला असतो, गॅस बारीक करावा लागतो. 'तेच तेच' हे लांबून दिसतं. तव्याशी उभं राहिलं की एक पोळी दुसरीसारखी नसते, आणि तिच्याकडे बघत असताना मन दुसरीकडे जायचं विसरतं. त्या विसरण्याला तुम्ही समाधान म्हणताय, असं मला वाटतं.

सावतोबांना मळ्यातच विठोबा भेटला, हे लहानपणापासून ऐकत आले. मला ते उमगलं मात्र चीनमधल्या आचाऱ्यांकडून.

पण 'आहे त्यात समाधान मान' म्हणून बायकांना गप्प बसवतात, त्याच्याशी कृपा करून हे मिसळू नका. पैसे थकले तर मी मागते. तेल महागलं तेव्हा डब्याचे दरही वाढवले. सासूबाईंचे गुडघे, ऐन वेळी संपणारा सिलिंडर, चिडचिड, सगळं आहे. फरक इतकाच, की चिडले तरी पोळी करपत नाही, कारण नजर पोळीवर असते.

आजोबांचा डबा अजून जातो. ती दाढ आता नाही, म्हणून त्यांचा भात जरा मऊ करते. नऊ वाजून गेलेत. मटकी फडक्यात बांधायची आहे, आणि उद्याचे तांदूळ ताटात काढून ठेवायचेत.