नागपूर ते नेदरलँड्स: मुलाबाळांसह बिऱ्हाड हलवताना

नागपूरच्या सोनेगाव विमानतळावरून मुंबई किंवा दिल्ली आणि तिथून सुमारे नऊ तासांच्या उड्डाणानं ॲमस्टरडॅम, अशी ही वाट आहे. दोघांपैकी एकाला तिकडे नोकरी लागलेली, सोबत दोन लहान मुलं, असं कुटुंब डोळ्यांपुढे ठेवून हे लिहिलं आहे. बॅगांत काय भरायचं यावर घरोघरी महिनाभर चर्चा चालते. पण तिकडचे पहिले पंधरा दिवस कसे जातील ते बॅगांवर नाही, मुलांच्या जन्मदाखल्यावर ठरतं.

कपाटातला दाखला आजच काढून बघा. तो बारशाआधी काढलेला असेल तर मुलाच्या नावाचा रकाना कोरा असतो. कधी दाखल्यावर आईचं माहेरचं नाव असतं आणि पासपोर्टवर सासरचं. महानगरपालिकेतून दुरुस्ती करून नवी प्रत घ्यायला वेळ लागतो, आणि त्याशिवाय पुढचं पाऊल पडत नाही. पुढचं पाऊल म्हणजे अपोस्टिल, दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणारं प्रमाणीकरण. आधी राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का. जन्मदाखले आणि विवाहाचा दाखला, सगळ्यांवर तो लागतो. दाखला फक्त मराठीत असेल तर इंग्रजी भाषांतरही अधिकृत हवं. मूळ कागद लॅमिनेट करून ठेवला असेल तर त्यावर शिक्का उमटत नाही, नवी प्रत काढावी लागते. या सगळ्यासाठी दोन महिने हाताशी ठेवा आणि कागद केबिनच्या पिशवीतच असू द्या.

आता तिकीट. नागपूर-मुंबई एका कंपनीचं आणि पुढचं दुसऱ्या कंपनीचं, असं वेगवेगळं काढलं की स्वस्त पडल्यासारखं वाटतं. पण देशांतर्गत विमानात माणशी साधारण १५ किलो सामान चालतं, पुढच्या विमानात मात्र २३ किलोची बॅग. चार माणसांमागे ३२ किलो जास्तीचे होतात, आणि त्याचे पैसे सोनेगावच्या काउंटरवरच मोजावे लागतात. शिवाय मुंबईत सामान उतरवून घेऊन पुन्हा चढवायचं. देशांतर्गत विमान टर्मिनल एकवर उतरलं तर टर्मिनल दोनपर्यंत गाडीनं जावं लागतं. म्हणून सलग एकच तिकीट घ्या. वेगळं घेतलंच तर मध्ये सहा तास ठेवा. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीमार्गे जाणं टाळलेलं बरं, धुक्यानं पहाटेची विमानं अडकतात. समृद्धी महामार्गानं किंवा रेल्वेनं मुंबई गाठणार असाल तर आदल्या दिवशी पोहोचा. लहान मुलं दमलेली असताना त्याच रात्री नऊ तासांचं विमान नको.

खाण्याच्या पदार्थांत नागपूरकरांची नेमकी चूक होते ती दोन ठिकाणी. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांस यांचे पदार्थ आणता येत नाहीत. म्हणजे संत्रा बर्फी, पेढे, खवा आणि तूप, सगळं घरीच. लहान बाळाची दुधाची भुकटी चालते, पण सीलबंद आणि माणशी दोन किलोपर्यंत. फळं-भाज्यांना वनस्पती-आरोग्याचं प्रमाणपत्र लागतं. केळी, नारळ, अननस, खजूर आणि ड्युरियन एवढ्यांनाच सूट आहे. संत्री आणि ताजा कढीपत्ता त्यात बसत नाहीत. दुसरी गोष्ट त्याहून गंभीर आहे. सावजी मसाल्यात खसखस असते, आणि संयुक्त अरब अमिरातीत खसखस अमली पदार्थांत धरली जाते. तिकीट दुबई, शारजा किंवा अबुधाबीमार्गे असेल तर खसखस, आणि ती घातलेला मसालाही, चेक-इन बॅगेतसुद्धा ठेवू नका. मसाला लागतोच, तर खसखस न घालता कुटून घ्या. पॉवर बँक मात्र केबिनमध्येच, बॅगेत टाकली तर बॅग उघडली जाते.

ॲमस्टरडॅमच्या स्खिपोल विमानतळाच्या खालीच रेल्वे स्टेशन आहे. सामान कमी असेल तर गाडी सोपी. कार्ड टेकवून आत जायचं आणि उतरल्यावर पुन्हा टेकवायचं. प्रत्येकाला स्वतंत्र कार्ड लागतं, एकाच कार्डावर दोघं जाऊ शकत नाहीत. चार वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. आठ बॅगा असतील तर मोठी टॅक्सी आधीच ठरवा.

चार महिन्यांपेक्षा जास्त राहणाऱ्यानं आल्यापासून पाच दिवसांत तिथल्या नगरपालिकेत, म्हणजे खेमेन्तेत, नोंदणी करायची असते. त्यातून बीएसएन हा नागरिक क्रमांक मिळतो, आणि पगार, बँक, विमा असं सगळं त्या क्रमांकाला जोडलेलं असतं. अडचण अशी की भेटीची वेळ अनेक ठिकाणी आठवड्यांनी मिळते, म्हणून ती नागपूरहूनच घेऊन ठेवा. कंपनीनं परदेशी नोकरदारांच्या केंद्रातून काम करून दिलं तर नोंदणी आणि निवास परवाना एकाच फेरीत होतात. तान्ह्या बाळासह सगळ्यांनी हजर राहायचं, अपोस्टिलवाले मूळ दाखले घेऊन.

घर ठरवताना पहिला प्रश्न भाड्याचा नको. ‘या पत्त्यावर नोंदणी करता येईल का?’ हा विचारा. थोड्या दिवसांसाठीच्या बऱ्याच घरांत मालक नोंदणी करू देत नाहीत, मग वरची सगळी साखळी खोळंबते. दुसरं म्हणजे जाहिरातीतला एक डच शब्द. ‘काल’ म्हणजे अगदी उघडं घर: जमिनीवर आच्छादन नाही, पडदे नाहीत, दिवेही नाहीत. ‘खेस्तोफेर्त’मध्ये जमीन आणि पडदे असतात, ‘खेमुबिलेर्त’मध्ये फर्निचरही. लहान मुलं असतील तर पहिल्या वर्षी ‘काल’ घराच्या वाटेला जाऊ नये, कारण पडद्यांचा संबंध थेट झोपेशी आहे. जूनमध्ये ॲमस्टरडॅमला सूर्य रात्री दहाच्या सुमारास मावळतो आणि पहाटे साडेपाचच्या आत उगवतो. डिसेंबरात उलट, पावणेनऊला उजाडतं आणि साडेचारला अंधार.

मुलांचं घड्याळ मात्र नागपूरचंच असतं. उन्हाळ्यात फरक साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार. नागपुरात साडेसहाला उठणारं मूल तिकडे उन्हाळ्यात पहाटे तीनला आणि हिवाळ्यात दोनला टक्क जागं होतं. तेव्हा दिवे लावू नका, मोबाइल देऊ नका. काही हलकं खायला देऊन पुन्हा पांघरुणात घ्या. दुपारी फार तर पाऊण तास झोपू द्या आणि सकाळच्या उजेडात बाहेर न्या, पाऊस असला तरी. आठवडाभरात बसतं. जाड जॅकेटं नागपुरात सीताबर्डीच्या बाजारात घेऊ नयेत. तिकडच्या थंडीत वारा आणि पाऊस एकत्र असतात, त्यासाठीचे कपडे तिथेच नीट मिळतात.

स्वयंपाकघरात बहुधा इंडक्शन असतं. ॲल्युमिनियमचा कुकर त्यावर तापत नाही. स्टीलचा, इंडक्शनच्या बुडाचा कुकर इथूनच न्या. लोखंडी तवा चालतो. पोळी जाळीवर फुगवता येत नाही, तव्यावरच कापडानं दाबून फुगवायची. मिक्सर न्यायला हरकत नाही, वीज आपल्यासारखीच २३० व्होल्टची आहे. फक्त तीन पिनांचा प्लग बसत नाही, तो बदलून घ्या. तूप घरीच कढवा: बिनमिठाच्या लोण्याच्या २५० ग्रॅमच्या वडीतून साधारण २०० ग्रॅम निघतं. कणीक, भेंडी, मेथी सुरिनामी दुकानांत मिळतात; विशेषतः हेगमध्ये, जिथे सुरिनाममधून आलेल्या हिंदुस्थानी लोकांची मोठी वस्ती आहे.

डॉक्टर म्हणजे आधी हाउसआर्ट्स, घराजवळचा कुटुंबवैद्य. तिथे नाव नोंदवल्याशिवाय तज्ज्ञ भेटत नाही. साध्या तापाला पॅरासिटामॉल आणि ‘थांबा’ एवढंच ऐकायला मिळेल. त्यात निष्काळजीपणा नाही, तिथली पद्धतच तशी आहे. आरोग्य विमा चार महिन्यांत काढायचा; मुलांना हप्ता नाही. मोठ्यांना २०२५ मध्ये वर्षाला उपचारांच्या खर्चातले पहिले ३८५ युरो स्वतः भरावे लागत, पण हाउसआर्ट्सची भेट त्यात धरत नाहीत. भारतीयांना क्षयरोगाची तपासणी करावी लागते. मुलांची लसीकरणाची पुस्तिका न्याच. आपल्या सरकारी वेळापत्रकातल्या एमआर (गोवर-रुबेला) लशीत गालगुंडाची लस नसते, तिकडच्या लशीत असते, म्हणून पुस्तिका दाखवून विचारून घ्या.

शाळा चौथ्या वाढदिवसापासून सुरू करता येते, पाचव्यापासून सक्तीची. डब्यात बहुतेक मुलं ब्रेडच आणतात. वरणभात थंडच खावा लागेल, तेव्हा थालीपीठ किंवा पराठा बरा. एक नियम आधीच घरच्यांना सांगून ठेवा: सुट्ट्यांव्यतिरिक्त शाळा बुडवली तर दंड होतो. दिवाळीसाठी एखादा दिवस कळवून मिळतो, पंधरा दिवस नागपुरात नाही. मोठी सुट्टी सहा आठवड्यांची, जुलै-ऑगस्टच्या सुमारास. म्हणजे माहेरी-सासरी येणं पावसाळ्यातच.

आजी-आजोबांशी बोलायची वेळ शाळेनंतरची ठेवा: तिकडचे दुपारचे तीन म्हणजे नागपुरात उन्हाळ्यात साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तिकडे घड्याळ बदलतं. त्या आठवड्यात आजोबांना आधी कळवून ठेवा, नाहीतर ते तासभर फोनजवळ बसून राहतात.