पटत नव्हतं का दोघांचं?

आजोबा 31 वर्षं लालबागला गिरणीत होते म्हटलं, की पुढचा प्रश्न ठरलेला: मग आजी कायम गावीच कशी? पटत नव्हतं का दोघांचं? तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पटत होतं. जागा नव्हती.

आजोबा राहायचे ती आमच्या संगमेश्वर तालुक्यातल्या गावाची खोली, म्हणजे गावच्या माणसांनी मिळून मुंबईत ठेवलेली. एका खोलीत बावीस जण. प्रत्येकाला एक खुंटी आणि एक ट्रंक. पहिल्या पाळीवाला कामावर गेला, की त्याच्याच जागेवर तिसऱ्या पाळीवाला वळकटी सोडायचा. उन्हाळ्यात निम्मे गॅलरीत, निम्मे फुटपाथवर. तिथे बायकोला नेणार कुठे?

पण जागा हे अर्धंच उत्तर. सुरुवातीची सात वर्षं आजोबा बदली कामगार. रोज गेटवर जाऊन उभं राहायचं. साचेखात्यात, म्हणजे कापड विणायच्या साच्यांवर, कोणी गैरहजर असला तर काम, नाहीतर खोलीवर परत. महिन्यात कधी वीस दिवस भरायचे, कधी आठ. त्यावर मुंबईत संसार होत नसतो. इकडे आजी भात लावायची, नाचणी काढायची, सासूसासरे नि चार पोरं सांभाळायची. मनीऑर्डर यायची ती तेलमीठ, कापड आणि दुकानदाराच्या उधारीत संपायची. पोटाला शेतच. म्हणजे आजोबांना गिरणीत अर्ध्या पगारावर राबणं परवडत होतं, कारण उरलेला अर्धा आजी भरत होती. मालकाच्या वहीत तिचं नाव कुठेच नव्हतं.

त्या मनीऑर्डरच्या कुपनावर दोन ओळी लिहिण्यापुरती जागा असायची. आजीला वाचता येत नव्हतं, त्यामुळे पोस्टमन ओटीवर बसून मोठ्याने वाचायचा. 'खुशाल आहे. बैलांना पेंड आणावी.' दरवेळी एवढंच. सगळी वाडी ऐकत असताना माणूस आणखी काय लिहिणार?

18 जानेवारी 1982 ला कामगार नेते दत्ता सामंतांचा गिरणी संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप मिटला असं रीतसर कुणी सांगितलंच नाही. शिमग्याला आजोबा आले ते ट्रंक घेऊनच. आजीने एका शब्दाने विचारलं नाही. पावसाळ्यात सरळ चिखळणीला जुंपलं. नांगर वाकडातिकडा जायला लागला, तशी बांधावरून ओरडली, "अहो, साचा नाही तो!"