माउली आळंदीला पोचेपर्यंत

द्वादशीला सकाळी बारस सोडली, वाळवंटातून कळसाला पुन्हा एकदा हात जोडले आणि दिंडीतल्या काही जणांनी मिळून केलेल्या जीपमध्ये बसलो. मला पुण्याहून इंदूरची गाडी धरायची होती, एका काकांना फलटणला उतरायचं होतं, म्हणून ड्रायव्हरने पालखी मार्गच धरला. वाखरी, भंडीशेगाव, वेळापूर, माळशिरस, नातेपुते. एकेक गाव खिडकीतून मागे पडत होतं. रिंगणाची जागा ओळखू येईपर्यंत मागे गेली. अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावायला जिथे सगळे वाकले होते, तिथे आता एक टेम्पो उभा होता आणि माणसं मंडपाचे वासे भरत होती. फलटण गेलं, चांदोबाचा लिंब गेला, नीरेचा पूल गेला. दिवे घाट तर बोलता बोलता उतरून झाला. पुणे ते सासवड हा वारीतला सगळ्यात लांब टप्पा, ३२ किलोमीटरच्या आसपास. जाताना तो घाट चढत होतो तेव्हा ऊन होतं, मग सर आली, मग पुन्हा ऊन, आणि आमच्या वीणेकरी बुवांचा आवाज एकदाही खाली आला नव्हता. आळंदी ते पंढरपूर सुमारे २५० किलोमीटर. जीपने ते सगळं एका दिवसात गुंडाळलं. गाडीत कोणी फारसं बोललं नाही.

इंदूरला उतरले तेव्हा पाऊस लागला होता. रात्रभर पाय खाली सोडून बसल्यामुळे दोन्ही पावलं सुजली होती, चपलेचे पट्टे वर येईनात. मुलगा घ्यायला आला होता. त्याने सॅक घेतली आणि म्हणाला, "आई, तू केवढी काळी झालीस!" मला त्याच्याकडे बघून इतका आनंद झाला, आणि तरीही स्टेशनबाहेरच्या त्या गर्दीत मी टाळ ऐकू येतात का, हे शोधत होते.

घरी सासूबाई परात आणि कोमट पाणी घेऊन दारातच बसल्या होत्या. त्यांचे गुडघे गेलेत, खाली बसल्या की उठायला दोघं लागतात. मी पाय मागे घेतले. त्या म्हणाल्या, "हलवू नकोस. तुझ्या नाही पडत मी पाया. पंढरपूरहून आलेल्या पायांच्या पडते." पाणी घातलं, पुसलं, हळदकुंकू लावलं, वाकून नमस्कार केला. मग बुक्का आणि साखरफुटाण्याच्या पुड्या उघडायच्या आधीच विचारायला लागल्या: फलटणला कुठे उतरला होतात? विमानतळाच्या मैदानावरच का? पाऊस होता का तिथे?

फलटण त्यांचं माहेर. लग्न होऊन इंदूरला आल्या त्याला आता पन्नास वर्षं होत आली. पालखी त्यांच्या माहेरच्या दारावरून जाते आणि त्यांनी ती लग्नानंतर पाहिलेली नाही. मी सांगत गेले आणि त्या मध्येच थांबवून वळणं विचारत राहिल्या. माझी आंघोळ, चहा, सगळं त्यात राहून गेलं.

मावंदं, म्हणजे यात्रेहून आल्यावर घालायचं जेवण, कधी घालायचं, हा विषय त्याच दिवशी निघाला. नवऱ्याचं म्हणणं, रविवारी घालू, सगळ्यांना सुट्टी असते. सासूबाईंनी मान हलवली. "माउली कुठे पोचल्यात अजून घरी? त्या आळंदीला जाऊ देत, मग मावंदं."

त्यांच्या या एका वाक्याने माझं पुढचं सगळं सोपं झालं. आपण बहुतेक जण एकादशीला किंवा द्वादशीला पंढरपूर सोडतो आणि वारी झाली म्हणतो. ज्ञानेश्वर माउलींच्या पादुका तिथेच असतात. पौर्णिमेला गोपाळपूरला काला होतो आणि मग पालखी परत निघते, तीही चालतच. मुक्काम कमी, टप्पे लांब, रिंगणं नाहीत, स्वागताच्या कमानी नाहीत, माणसं थोडी. आषाढ वद्य दशमीला माउली आळंदीत पोचतात, दुसऱ्या दिवशी कामिका एकादशी. ज्या वाटेने लाखो लोक गेले त्याच वाटेने मोजकी माणसं त्यांना घरी आणून सोडतात. वाटेत लहान-मोठी गावं त्यांना जेवू घालतात. ही परतवारी मला आधी ऐकून माहीत होती, पण तिचा अर्थ त्या दिवशी लागला. जायला जसे मुक्काम लागतात तसे यायलाही लागतात. मी घरात होते, पण आलेली नव्हते.

शरीराचं आधी सांगते, कारण कोणीतरी पुढच्या वर्षी जाणार असेल तर त्याला उपयोग होईल. पहिले दोन दिवस झोप आणि भूक, एवढंच होतं. पहाटे तीनला मात्र डोळा उघडायचाच. दिंडीत टँकरपाशी रांग लागायच्या आत आंघोळ उरकायची असते, ती सवय अंगात भिनलेली. सकाळी पलंगावरून पहिलं पाऊल टाकलं की टाचेत सुई घुसल्यासारखी कळ यायची, दहा-वीस पावलांनी ती कमी व्हायची. आमच्या डॉक्टरांनी सांगितलं, तळपायाखाली टाचेपासून बोटांपर्यंत एक जाड पट्टा असतो, तो सतत ताणला गेल्याने सुजलाय. उठण्याआधी पलंगावरच पावलं स्वतःकडे ओढून ताण द्यायचा, गार पाण्याची बाटली पायाखाली लाटायची, आणि मुख्य म्हणजे घरात लादीवर अनवाणी फिरायचं नाही. आपल्या घरांत हे सगळ्यात अवघड. देवघरात जायचं तर पायात काही नको, स्वयंपाकघरात नको. सासूबाईंनी स्वतः एक नवी मऊ सपाता आणवली आणि ती घरातच वापरायची म्हणून देव्हाऱ्यापासून चार हात लांब ठेवली.

फोड दोन होते, एक फुटलेला. वरची कातडी ओढून काढायची नाही, ती खालच्या जखमेचं पांघरूण असते. स्वच्छ धुवायचं, कोरडं ठेवायचं, पट्टी बदलायची. बोटांच्या बेचक्यांत ओल राहून कातडी पांढरी पडली होती, तिथे आठवडाभर औषधी पावडर. अंगठ्याचं नख काळं झालंय. ते पडेल आणि पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागेल, असं डॉक्टर म्हणाले. म्हणजे पुढची वारी येईल तेव्हाही या वारीची खूण पायावर असेल.

त्यांनी आणखी दोन गोष्टी बजावल्या आणि त्या मला फार महत्त्वाच्या वाटतात. परतल्यावर ताप आला आणि पोटऱ्या, डोळे दुखायला लागले, तर "थकवा असेल" म्हणून गोळी घेऊन झोपायचं नाही. चिखलातून, साचलेल्या पाण्यातून पायाला जखमा असताना चाललेल्यांना लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या संसर्गाचा) धोका असतो आणि त्यावर वेळेत औषध लागतं. दुसरं, दोन्ही पाय सुजले तर उशीवर ठेवून उतरतात, पण एकाच पोटरीला सूज आली, ती गरम लागली, दुखली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. लांब चालून लगेच तासन्‌तास गाडीत बसलेल्या माणसाला हे होऊ शकतं. दिंडीत निघताना आपण औषधांची पिशवी भरतो, परतीसाठी असं कोणी सांगत नाही.

मनाचं वेगळं. ते कोणत्या डॉक्टरांना विचारायचं? चालताना सगळे सगळ्यांना माउली म्हणतात. पाणी देणारा माउली, रस्ता अडवणारा माउली, चपलेचा अंगठा शिवून पैसे न घेणारा माउली. शाळेत रुजू झाले तेव्हा पुन्हा "मॅडम" झाले. मुलं गोड आहेत, सहकारी प्रेमाने चौकशी करतात, तरी स्टाफरूममध्ये बसून मला एकदम रडू आलं. कशाचं ते सांगता येईना. घरात पंख्याचा आवाज, बाहेर रिक्षांचा, आणि त्या सगळ्याखाली मृदंग नाही. चालायला काही नाही, पोचायला काही नाही, आणि उद्याचा मुक्काम कुठला हे विचारायला कोणी नाही.

आमच्या शेजारचे काका ओंकारेश्वरहून निघून नर्मदा परिक्रमा पायी करून आलेले. आम्हा इंदूरच्या मराठी लोकांना पंढरपूर लांब, नर्मदा मात्र नळातूनच येते, त्यामुळे प्रत्येक गल्लीत एखादा परिक्रमावासी सापडतोच. ते म्हणाले, "वहिनी, मी परत आल्यावर किती तरी दिवस जमिनीवर झोपत होतो. पलंगावर झोप लागेना. घरच्यांना वाटलं, याला वैराग्य आलं. काही नाही हो, अंग अजून काठावरच होतं." त्यांनी मला रोज थोडं चालायला सांगितलं.

मग मी ठरवलं, पादुका चालताहेत तोवर आपणही चालायचं. पौर्णिमेच्या संध्याकाळी सुरुवात केली. लालबागेच्या आवारात, बूट घालून, पाय साथ देतील तेवढं, आणि हरिपाठ म्हणत. पहिल्या दिवशी फार चाललेच नाही. पण पालखी आज पंढरपुरातून निघाली आणि मीही निघाले, हे मनाला कळलं. रोज शाळेतून आले की सासूबाई विचारायच्या, "आज कुठवर आल्या असतील?" आणि आम्ही दोघी अंदाज बांधायचो. एकदा दिंडीतल्या एका ताईंना फोन केला. त्या साताऱ्याकडच्या, घरी पोचल्या त्याच दिवशी बाजरीच्या खुरपणीला गेलेल्या. "माउली, पाय दुखत्यात का? एका जाग्यावर बसू नका बघा. बसलं का धरत्यात." मागे शेतातला वारा ऐकू येत होता. मला खुर्चीवर बसून सहन करायचं होतं ते त्यांनी वाकून, चिखलात, कामात जिरवलं होतं. त्यांचं त्यांना कौतुक वाटत नव्हतं, मला वाटलं. आणि कोणीतरी पुन्हा माउली म्हणाल्यावर बरं वाटलं, हेही खरं.

या दिवसांत मला हैबतबाबांची गोष्ट सारखी आठवत होती. आज पालखी सोहळ्याला जी शिस्त दिसते, दिंड्यांचा क्रम, अश्व, तळ, ती त्यांनी घालून दिली. ते साताऱ्याजवळच्या आरफळचे, चाकरीला ग्वाल्हेरला शिंद्यांकडे. तिथून कमाई घेऊन घरी निघाले असता सातपुड्यात भिल्लांनी पकडून गुहेत कोंडलं, त्यांनी हरिपाठ धरला आणि सुटका झाली, असं परंपरेत सांगतात. पुढे ते आळंदीलाच राहिले. ग्वाल्हेरहून दक्षिणेत जाणाऱ्या माणसाला माळवा ओलांडावाच लागतो. आज आपण ज्या दिंडीत चालतो तिची सुरुवात एका घरी परतणाऱ्या माणसाच्या वाटेत झाली, आणि ती वाट आपल्या बाजूची आहे, याचा मला फार आधार वाटला. आमच्याकडच्या मुलांना ही गोष्ट सांगायला हवी. मी वर्गात सांगितलीही.

दशमीला माउली आळंदीत पोचल्या असतील असं धरून सासूबाईंनी संध्याकाळी देवापुढे साखर ठेवली. एकादशीला मी लालबागेत न जाता इंदूरच्याच पंढरीनाथाच्या देवळात चालत गेले. राजवाड्याकडची नेहमीची गर्दी, पावसाची भुरभुर, रस्त्यात खड्ड्यांतलं पाणी चुकवत. टाच दुखली नाही. देवळात गेल्यावर रडू आलं नाही, हेही मला तिथे उभं राहिल्यावर लक्षात आलं. उलट पंढरपुरात गर्दीत मुखदर्शन घेताना जे नीट बघायचं राहिलं होतं, ते इथे शांतपणे बघितलं.

द्वादशीला मावंदं झालं. पुरण सासूबाईंनी बसल्या बसल्या वाटलं. चातुर्मास, त्यामुळे कांदा-लसूण नाहीच. कटाची आमटी, काकडीची कोशिंबीर, आणि शेजारच्या काकूंनी आमच्या पावसाळ्याचा मान म्हणून भुट्ट्याचा कीस करून आणला. काकांनी अभंग म्हटले, शाळेतल्या दोघी आल्या होत्या, त्यांनी फुगडी घातली. मलाही ओढलं. नख सांभाळत का होईना, घातली. पंगतीत दोघींनी विचारलं, दिंडीत नाव कुठे द्यायचं, भिशी, म्हणजे दिंडीची वर्गणी, किती असते, तंबूत बायकांची सोय कशी असते. मी सगळं सांगितलं आणि शेवटी म्हटलं, रजा घ्याल ती पोचण्यापुरती घेऊ नका. पुढचे आठ दिवसही मागा. घरच्यांनाही आधीच सांगून ठेवा, की आल्या दिवशी तुम्ही पोळ्या लाटणार नाही.

पाहुणे गेल्यावर सासूबाईंनी फलटणला भावाला फोन लावायला सांगितला. परतीची पालखी फलटणला कधी असते, गर्दी कितपत असते, म्हातारं माणूस गाडीने येऊन जवळून दर्शन घेऊ शकतं का, सगळं खोदून विचारलं. भाऊ म्हणाले, जाताना तुला रथ दिसणारही नाही आक्का, पण परतीला पादुकांवर डोकं ठेवता येईल. फोन ठेवून त्यांनी माझ्या नवऱ्याला सांगितलं, पुढच्या वर्षी ही पंढरपूरहून माउलींबरोबर चालत येईल आणि तू मला फलटणला घेऊन यायचं. त्याने दिनदर्शिकेच्या मागच्या पानावर पुढच्या वर्षीची आषाढी शोधायला घेतली.