काकांचे कागद संस्थेला देताना : माझा अनुभव

काकांच्या एका कवितेच्या कोपऱ्यात निळ्या बॉलपेनने 'डुप्लि.', म्हणजे डुप्लिकेट, असं लिहिलेलं आहे. ते आता निघणार नाही. रबर लावला तर कागदच फाटेल, इतका तो विरलाय. घरातल्या लेखकाचे कागद कुणाला एखाद्या संस्थेला द्यायचे असतील तर पहिली गोष्ट ही सांगते: कागद समोरच्याच्या हातात देण्याआधीच स्पष्ट बोला की यावर पेन टेकवायचं नाही. लिहायचं ते पेन्सिलीने, आणि तेही फोल्डरवर.

काका बडोद्यात रेल्वेत होते, प्रतापनगरच्या कचेरीत. लग्न केलं नाही. दांडिया बाजारातल्या जुन्या घराच्या माडीवर आयुष्यभर कविता लिहिल्या आणि फ्रेंच कवींचे अनुवाद केले. आधी इंग्रजीवरून, पुढे शब्दकोश मांडीवर घेऊन थेट फ्रेंचमधून. अतिवास्तववाद हा शब्द मी पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून ऐकला. आंद्रे ब्रेतों या फ्रेंच कवीने लिहिलेला त्या चळवळीचा १९२४ चा जाहीरनामा त्यांना जवळजवळ पाठ होता. डोकं मध्ये न आणता हात चालेल तसं लिहीत जायचं, स्वप्न जसं पडलं तसं उतरवायचं, ही त्यांची रोजची सवय होती. चहाच्या आधी वही. छापून फारसं काही आलं नाही. बडोद्याचं मराठी म्हटलं की लोकांना सयाजीराव महाराज आठवतात आणि गाडी तिथेच थांबते. पण 'अभिरुची' मासिक १९४३ साली याच शहरातून निघालं, दिलीप चित्रे १९३८ साली इथेच जन्मले. काकांच्या पिढीला नव्या कवितेचं वारं इथेच, मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत आणि मित्रांच्या खोल्यांत लागलं.

काका २०१४ साली गेले. जुनं घर बिल्डरकडे जायचं ठरलं तेव्हा दोन लोखंडी ट्रंका मी कारेलीबागेत माझ्या घरी आणल्या. आत अकरा गठ्ठे होते, प्रत्येक जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला. काका त्यांना 'रुमाल' म्हणत, पेशवे दफ्तरातल्या गठ्ठ्यांना म्हणतात तसं. पानं मोजली, २,१८६ भरली. बरेचसे कागद म्हणजे रेल्वेचे रद्द झालेले छापील फॉर्म, त्यांच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेले.

एका संस्थेने फोनवरच हो म्हटलं. नाव घेत नाही, कारण काम शेवटी त्यांनीच पूर्ण केलं. वारसांचं काम आठ-दहा दिवसांत झालं: आम्ही चार भावंडं, तलाठ्याकडून पेढीनामा म्हणजे वंशावळ, पंचांच्या सह्या, न्यू जर्सीतल्या भावाचं ना-हरकत पत्र. हे सगळं फेब्रुवारी २०२४ मध्ये उरकलं. मला वाटलं होळीच्या आत ट्रंका जातील.

मग यादीचा फॉर्म आला.

सात रकाने. अनुक्रमांक, शीर्षक, कर्त्याचे नाव, भाषा, दिनांक, पृष्ठसंख्या, विषय. आणि प्रत्येक कागदाला एक ओळ. मी तीस वर्षं बँकेत काढली आहेत, यादीला घाबरणारी बाई मी नव्हे. पंधरा दिवस रोज रात्री बसले आणि पहिल्या दोन रुमालांची यादी केली. एप्रिलमध्ये ती परत आली. शीर्षकाचे रकाने रिकामे आहेत म्हणून.

अहो, कवितांना शीर्षकंच नाहीत! स्वप्नाच्या वहीतल्या नोंदीला कोण शीर्षक देतं? मग पहिली ओळ शीर्षक म्हणून लिहा, असं सांगण्यात आलं. ठीक. दिनांक? काका तारीख कधीच घालत नसत. मग फॉर्मच्या छापील बाजूवरचं साल बघून मी 'अमुक सालानंतर' असं लिहिलं. ते चालेना, रकान्यात तारीखच हवी. विषय? एका पानावर आरशातून बाहेर येणारा घोडा, सूरसागर तलावाच्या पाण्याखाली चाललेली शाळा आणि आजीचे हरवलेले दात. विषय काय लिहू?

तिसऱ्या रुमालात घडी घातलेले चाळीसेक कागद निघाले. एकेका कागदावर तिघांची हस्ताक्षरं: वर मराठी, मध्ये गुजराती, खाली हिंदी. मला ते काय आहे ते लगेच कळलं, कारण लहानपणी आम्ही मुलंही काकांबरोबर तो खेळ खेळलो होतो. एकाने ओळ लिहायची, घडी घालून झाकायची, दुसऱ्याने न बघता पुढे लिहायचं. पॅरिसच्या अतिवास्तववादी मंडळींनी १९२५ च्या सुमारास हा खेळ सुरू केला आणि त्यात पहिल्यांदा जे वाक्य तयार झालं त्यावरूनच त्याला नाव पडलं: सुंदर प्रेत नवी वाइन पिईल. बडोद्यात तीन मित्र तीन भाषांत तो खेळत होते, आणि त्याचा पुरावा माझ्या हातात होता. मी कर्त्याच्या रकान्यात 'तिघे' आणि भाषेच्या रकान्यात 'मराठी-गुजराती-हिंदी' असं लिहिलं. उत्तर आलं: बेन, एक ज भाषा लखो.

इथे एक आठवलं ते सांगते, नाहीतर राहून जाईल. घडी घातलेला कागद उघडून, दाबून सपाट करू नका. घडीच्या रेषेवर तो तुटतो, आणि या खेळात तर घडीलाच अर्थ आहे. गंजलेल्या टाचण्या मात्र काढा, हळूच, खालून पातळ कागदाची पट्टी सरकवून. त्यांच्या जागी स्टेपल मारू नका, नुसती कागदाची दुमड घाला. सेलोटेप लावलेला असेल तर ओढू नका. कुणी लॅमिनेशन सुचवलं तर हात जोडा, कारण लॅमिनेशन केलेला कागद पुन्हा मोकळा होत नाही.

जुलैमध्ये मी स्वतः चार रुमाल घेऊन गेले. टेबलावर जे गृहस्थ होते ते वाईट नव्हते, चहा मागवला, पंखा माझ्याकडे वळवला. पण त्यांनी कागदांचे ढीग करायला घेतले. मराठी इकडे, अनुवाद तिकडे, हिशेबाचे कागद खाली जमिनीवर. मी म्हटलं, भाई, हा एकच कागद आहे, पुढे कविता आहे आणि मागे दुधाचा हिशेब. ते म्हणाले, जी कामाची बाजू तिचीच झेरॉक्स ठेवू. माझा जीव वरखाली होत होता. काकांनी पंधरा-वीस वर्षं ज्या क्रमाने बांधून ठेवलं होतं ते दहा मिनिटांत मोडत होतं.

आणि मग तो 'डुप्लि.'

रोबेर देस्नोस या कवीच्या अनुवादाचे दोन कागद एकमेकांना लागून होते. गृहस्थांनी दोन्हींच्या शेवटच्या ओळी वाचल्या, 'आ तो एक ज छे' म्हणाले, एकाच्या कोपऱ्यात पेनने लिहिलं आणि तो कागद बाजूला टाकला. मी ओरडलेच. आयुष्यात कुठल्या कचेरीत आवाज चढवला नव्हता.

ते दोन कागद एक नाहीत. देस्नोसने १९२६ साली एक प्रेमकविता लिहिली, तुझी इतकी स्वप्नं पाहिली की तू खरी राहिली नाहीस, अशा अर्थाची. नाझींविरुद्ध काम केलं म्हणून त्याला पकडलं, आणि जून १९४५ मध्ये, सुटका झाल्यानंतर, तेरेझिनला तो टायफसने गेला. त्यानंतर एका चेक वृत्तपत्रात त्या जुन्या कवितेचा शेवट चेक भाषेत छापून आला. तिथून तो कुणीतरी पुन्हा फ्रेंचमध्ये आणला, आणि छावणीत लिहिलेली 'शेवटची कविता' म्हणून ती वर्षानुवर्षं फिरली. म्हणजे एकच कविता, फ्रेंचमधून चेकमध्ये जाऊन परत आलेली, वाटेत शब्द बदललेली. काकांनी दोन्ही मराठीत केल्या. दोन कागदांवर, एकाच आठवड्यात असाव्यात, शाई तीच आहे. आणि दुसऱ्या कागदाच्या मागच्या बाजूला, रेल्वेच्या छापील रकान्यांच्या मध्ये, पेन्सिलीने लिहिलं आहे: 'हीच ती. प्रवासात झिजली. झिजलेलीच ठेवायची.' एका अनुवादकाने अनुवादाबद्दल जे काही आयुष्यभर शिकलं ते त्या ओळीत आहे. आणि 'कामाची बाजू' ठेवली असती तर तीच ओळ गेली असती.

मी चारही रुमाल बांधून परत आणले. रिक्षात रडले.

ऑगस्टच्या शेवटी विश्वामित्री नदीला पूर आला. २५ फुटांची धोक्याची पातळी केव्हाच मागे पडली होती. कारेलीबागेत तळमजल्यावर राहणाऱ्यांना ते दिवस काय होते ते वेगळं सांगायला नको. पाणी पायरीवर आलं तेव्हा मी आणि मुलाने ट्रंका जेवणाच्या टेबलावर चढवल्या, टेबलाखाली विटा लावल्या, वर प्लास्टिक. लाईट नव्हती. मेणबत्ती लावायची हिंमत होईना, कागद जवळ होते. त्या रात्री सगळा राग मला त्या सात रकान्यांवर आला. फेब्रुवारीतच जायला तयार असलेले कागद तोवर संस्थेच्या दुसऱ्या मजल्यावरच्या कपाटात असायला हवे होते.

पाणी ओसरल्यावर मी यादी करणं सोडलं आणि पत्र लिहायला बसले. संस्थेच्या वरिष्ठांना, एक पान. तीन गोष्टी लिहिल्या. एक, प्रत्येक कागदाची यादी मला जमणार नाही. मी प्रत्येक रुमालाची एक नोंद देईन, त्यात काय प्रकारचे कागद आहेत आणि किती पानं आहेत ते असेल. दोन, रुमालातला क्रम मोडायचा नाही. हा माझा हट्ट नाही. ज्याचे कागद त्याने लावलेला क्रम राखायचा, हा अभिलेखागारांचा जुना नियम आहे, डच मंडळींनी १८९८ सालीच तो पुस्तकात घालून दिला. तीन, कागदाला दोन बाजू असतात. देस्नोसच्या दोन्ही कागदांचे पुढून-मागून काढलेले फोटो जोडले आणि त्यांची हकिगत चार ओळींत लिहिली. ब्रेतोंच्या घराचंही लिहिलं. पॅरिसमधला त्याचा संग्रह २००३ साली लिलावात गेला. त्याच्या अभ्यासिकेतली एक भिंत तेवढी वस्तूंसकट, जशी होती तशी पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या कलासंग्रहालयात राहिली. २०२५ साली ते केंद्र नूतनीकरणासाठी बंद होईपर्यंत लोक ती भिंत बघायला जात.

आठवड्याच्या आत फोन आला. बाई होत्या, आवाजावरून तरुण. म्हणाल्या, ताई, तुम्ही सुरुवातीलाच माझ्याकडे का नाही आलात? रुमालवार नोंद आम्हाला चालतेच. तो सात रकान्यांचा फॉर्म छापील पुस्तकांच्या देणगीसाठीचा आहे.

पुस्तकांसाठीचा! पाच महिने मी पुस्तकांचा फॉर्म भरत होते. म्हणून पहिल्याच भेटीत विचारा: हस्तलिखितांसाठी वेगळा फॉर्म आहे का, यादी कागदवार हवी की गठ्ठ्यावार, आणि हस्तलिखितं बघणारी व्यक्ती कोण. टेबलावर जो बसला असेल त्याला हे माहीत असेलच असं नाही, आणि तो आत कुणाला विचारून येईलच असंही नाही.

ऑक्टोबरमध्ये ट्रंका गेल्या. ब्रेतोंच्या जाहीरनाम्याला त्याच महिन्यात शंभर वर्षं झाली. काकांना हे फार आवडलं असतं.

करारपत्राबद्दल थोडं, कारण इथे लोक डोळे मिटून सह्या करतात. कागद देणं वेगळं आणि हक्क देणं वेगळं. आम्ही कागद दिले. छापण्याचा हक्क भावंडांकडे ठेवला, अभ्यासकांना वाचायला आणि उतारे घ्यायला मुभा दिली. काकांना आलेल्या पत्रांचं आणखी निराळं आहे: पत्राचा कागद आमचा, पण मजकुराचा हक्क लिहिणाऱ्याचा, तो हयात नसेल तर त्याच्या वारसांचा. आपल्याकडे लेखकाच्या हयातीत छापलेल्या मजकुराचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो, मृत्यूच्या पुढच्या वर्षापासून मोजून; हयातीत न छापलेल्याची ६० वर्षं तो पहिल्यांदा छापला जातो त्याच्या पुढच्या वर्षापासून मोजतात. अनुवाद छापायचे तर मूळ कवीचंही बघावं लागतं. देस्नोस १९४५ साली गेला, त्याला हरकत नाही. पॉल एल्युआर हा कवी १९५२ साली गेला, त्यालाही नाही. ब्रेतों १९६६ साली गेला, म्हणून २०२६ संपेपर्यंत थांबायचं. एका मैत्रिणीची पत्रं आम्ही वेगळ्या पाकिटात, २०४० पर्यंत बंद ठेवायच्या अटीवर दिली. अशी अट घालता येते. मागा.

आणि देण्याआधी प्रत्येक पानाचे दोन्ही बाजूंनी फोटो काढा. फोनने चालतात, खिडकीच्या उजेडात, फ्लॅश न लावता. फोटोत रुमालाच्या नंबरची चिठ्ठी येऊ द्या. मी हे पुरानंतर केलं, आधी करायला हवं होतं.

गेल्या महिन्यात मी वाचनकक्षात गेले. चिठ्ठी भरली, पर्स बाहेर ठेवली, पेन्सिल मिळाली. त्या बाईंनी सातवा रुमाल आणून दिला. काकांचं धोतराचं फडकं त्यांनी फेकलं नव्हतं, धुवून, वाळवून, घडी करून खोक्यात वेगळं ठेवलं होतं. देस्नोसचे दोन्ही कागद शेजारी शेजारी होते, आम्लरहित कागदाच्या एकाच दुमडीत. खोक्यावर पेन्सिलीने नोंद होती: रुमाल ७, पाने १९४, दोन्ही बाजू. मी दुसरा कागद पालथा केला आणि पेन्सिलीची ती ओळ पुन्हा वाचली.